ओपांचं औषध

शनिवारी सकाळी फोन का उचलला नाहीस, असं आईनं विचारलं आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "शेजारच्या ओपांना औषध आणायला घेऊन गेले होते." आईनं लगेच ओपांच्या पायाची चौकशी केली, निर्गुडीचा पाला जर्मनीत मिळतो का ते विचारलं, आणि विषय संपला. फोन ठेवला, कुकर लावला आणि तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशी नुसती उभी राहिले. खोटं बोलल्याचं एवढं काही नव्हतं. परदेशात राहणाऱ्या लेकी आईशी रोजच थोडं थोडं खोटं बोलतात. जेवलीस का, झोप होते का, यांची निम्मी उत्तरं खोटीच असतात. खुपत होतं ते वेगळं. जो शब्द ओपांनी माझ्या गाडीत बसून, सीटबेल्ट लावता लावता, साफ झिडकारला होता, नेमका तोच मी त्यांच्या नावावर खपवला होता.

ओपा म्हणजे आजोबा. आमच्या लेकीनं त्यांना तशी हाक मारायला सुरुवात केली आणि मग आम्हीही. वय 74. जन्मभर पोस्टात नोकरी, सायकलवरून पत्रं वाटली. त्यामुळे गावातल्या कुठल्या घरात कोणता कुत्रा कधी चावायचा, हे त्यांना तीन पिढ्यांपर्यंत पाठ. बायको गेली, मुलगा हॅनोव्हरला. जानेवारीत खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवायला मनाई केली. तर फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी कुंपणापलीकडून, शिडी मागावी इतक्या सहज, त्यांनी विचारलं, "उद्या मला क्लबात सोडाल का? बारा किलोमीटर आहे. शनिवारी बस नसते. तुम्हाला आत येता येणार नाही, बाहेर बसावं लागेल. थर्मासमध्ये कॉफी देतो." कोणता क्लब, हे मला माहीत होतं: गांजाचा. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. मी हो म्हटलं आणि रात्री अकरा वाजता नवऱ्याला हलवून उठवलं. आमचा नागरिकत्वाचा अर्ज पडून होता. त्यानं अर्धवट झोपेत फोनवर कायदा उघडला, पाच मिनिटं वाचला आणि म्हणाला, "शेजाऱ्याला गाडीतून नेणं हा कुठल्याच देशात गुन्हा नाही. झोप."

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून मोठ्या माणसाला गांजा बाळगायची मुभा आहे. बाहेर 25 ग्रॅम, घरी 50, आणि बाल्कनीत किंवा परसात तीन झाडं. पण दुकान नाही. विकायला बंदीच. ज्याला स्वतः लावायचं नाही, त्यानं 1 जुलै 2024 पासून सुरू झालेल्या मंडळांपैकी एकाचं सभासद व्हायचं. मंडळ नफा कमवू शकत नाही. वर्गणीतून आणि घेतलेल्या मालाच्या पैशांतून खर्च भागवायचा, बस. सभासद जास्तीत जास्त पाचशे. प्रत्येकाला दिवसाला 25 ग्रॅमपर्यंत आणि महिन्याला 50. पोस्टानं पाठवायचं नाही, घरपोच नाही, दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. सभासदानं आपल्या पायांनी यायचं, कार्ड दाखवायचं आणि घेऊन जायचं. सायकलवरून चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वस्तू घरपोच केलेल्या माणसाची हीच एक वस्तू घरपोच येत नव्हती, आणि त्याचे पाय नेमके आत्ताच रुसले होते.

आमचा भाग म्हणजे ओल्डेनबुर्गच्या पश्चिमेचं अमरलांड. तळहातासारखी सपाट जमीन. इथले लोक रोपवाटिकांवर जगतात. मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन असे फुलतात की डोळे दुखावेत. फेब्रुवारीत मात्र धुकं, ओला डांबरी रस्ता आणि शेतात उभी केलची पालेभाजी. याच दिवसांत इथे केलची पदयात्रा निघते. दहा-पंधरा माणसं एक हातगाडा ओढत मैलोन्‌मैल चालतात. गाड्यात दारूच्या बाटल्या, गळ्यात दोरीनं अडकवलेले छोटे ग्लास. दर चौकाला एक घोट. शेवटी एखाद्या खाणावळीत पोचून केल आणि सॉसेज हाणायचं आणि त्यातल्या एकाला केलचा राजा निवडायचं. आम्हाला त्या सकाळी अशी एक टोळी आडवी आली. लालबुंद चेहरे, सकाळचे साडेदहा. त्यांनी गाडीला हात केले, ओपांनी काच खाली करून दोघातिघांना नावानं हाका मारल्या. काच वर करत म्हणाले, "यातले तिघे क्लबाच्या विरोधात सह्या गोळा करत होते."

मग मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, म्हणून मी म्हटलं, "पण तुमच्यासाठी ते औषधच ना. पाय दुखतो, झोप लागत नाही."

"नाही हो," ओपा म्हणाले. आवाजात चिडचिड नव्हती, पण पत्ता चुकलेलं पाकीट परत करावं तसा ठामपणा होता. "औषध हवं तर डॉक्टरांची चिठ्ठी आहे, 2017 पासून मिळते. पायाच्या गोळ्या वेगळ्या आहेत, त्या मी घेतो. मी आजारी नाही. हे मला आवडतं."

यावर काय बोलणार? आवडतं म्हणणारा चौऱ्याहत्तरीचा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आमच्याकडे त्या वयात आवडीनिवडी नसतात, पथ्यं असतात.

क्लब म्हणजे फुलांच्या बंद पडलेल्या रोपवाटिकेची दोन काचघरं. काचांना आतून पांढरं काहीतरी लावलेलं, भोवती नवीन कुंपण, दारावर घंटा. पाटी नाही, पानाचं चित्र नाही. जाहिरातीला बंदी आहे. शाळा, बालवाडी, मुलांची खेळायची जागा, यांच्यापासून 200 मीटरच्या आत असं मंडळ चालत नाही. ओपा सांगत होते, की संस्थापक मंडळींनी गावाच्या नकाशावर कंपासनं वर्तुळं काढली तेव्हा उरलं काय, तर स्मशान, सांडपाण्याचं केंद्र आणि ही रोपवाटिका. लहान गावात सगळंच सगळ्याच्या जवळ असतं. "स्मशान मला चाललं असतं," म्हणाले, "लवकरच लागणार आहे. पण बाकीच्यांना जमलं नाही." काठी टेकत ते दारापर्यंत गेले, घंटा वाजवली, आत दिसेनासे झाले. मी गाडीत.

चाळीस मिनिटं मी त्या दाराकडे बघत होते. कॉफी प्यायले, काच पुसली, पुन्हा धुकं. मला काय दिसेल असं वाटलं होतं कोण जाणे. लांब केसांची, लाल डोळ्यांची पोरं असावीत. आली ती माणसं अशी: हिरव्या गमबुटातला एक शेतकरी, त्याचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला चालूच. भाजीची पिशवी घेतलेली, माझ्या आईच्या वयाची एक बाई, पिशवीतून लीकचे हिरवे शेंडे बाहेर आलेले. हेल्मेट न काढता आत गेलेला एक तरुण, त्याला बहुतेक परत पाठवलं, कारण तो लगेच बाहेर येऊन गाडीच्या डिकीत कार्ड शोधायला लागला. कुत्रा खांबाला बांधून आत गेलेले एक गृहस्थ. कोणी रेंगाळत नव्हतं. क्लबात ओढायचं नाही, दारापासून 100 मीटरच्या टप्प्यात नजरेसमोर ओढायचं नाही. त्यामुळे क्लब म्हणतात खरं, पण तिथे बसायला बाकसुद्धा नाही. यायचं, सही करायची, जायचं.

आणि मग मला कळलं की हे दृश्य मी आधी पाहिलंय. माण तालुक्यातल्या आमच्या गावात, पहाटे साडेपाचला, दूध डेअरीच्या दारात! हातात किटली, रांगेत पुढे सरकायचं, सभासद नंबर सांगायचा. सचिव माप ओतणार, नळीत नमुना घेणार, फॅट लावणार, वहीत आकडा टाकणार. म्हशीचं दूध आणि फॅट साडेपाच आली तर आमच्या आईचं तोंड दिवसभर उतरलेलं. दहा दिवसांनी बिल. वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा, तिथे पेंडीच्या दरावरून खुर्च्यांची फेकाफेक. पुढे ओपांनी सांगितलं तेव्हा हसू आवरेना, कारण इथेही तसंच. जर्मनीत कुठलंही मंडळ रजिस्टर करायला सात जण लागतात, आणि सात जण जमले की आठवं भांडण आपोआप सभासद होतं. मागच्या सभेत पानं छाटायचं यंत्र घ्यायचं की हातानंच छाटायचं, यावर तीन तास. सभासदांनी लागवडीच्या कामात हात लावावा, अशी कायद्याचीच अपेक्षा आहे, म्हणून ओपा महिन्यातून दोनदा तिथे स्टुलावर बसून कात्रीनं पानं छाटायचे, आपल्या श्रमदानासारखं. यंत्र आलं तर आपलं काम जाईल म्हणून त्यांनी विरोधात मत दिलं. नशापाणी या विषयाचं इतकं रटाळ रूप मी कल्पनेतही आणलं नव्हतं. इतिवृत्त, खजिनदार, मागील सभेचा वृत्तांत मंजूर.

देशातल्या पहिल्या काही परवान्यांमधला एक आमच्याच राज्यात, लोअर सॅक्सनीत, गँडरकेझे नावाच्या गावाला मिळाला, जुलै 2024 मध्ये. बर्लिन नाही, हॅम्बुर्ग नाही. ब्रेमेनजवळचं तीसेक हजार वस्तीचं गाव. आधी झाडं वाढायची, मग वाळायची, म्हणून सभासदांच्या हातात माल यायला नोव्हेंबर उजाडला. मला त्यात नवल वाटत नाही. मोठ्या शहरात ज्याला हवं त्याला कायद्याआधीही मिळत होतं. गरज होती ती अशा गावांना, जिथे स्टेशनमागच्या पार्किंगमध्ये एकच माणूस उभा असतो आणि तो देईल ते घ्यावं लागतं. ओपा तरुणपणी सीमा ओलांडून हॉलंडात, ग्रोनिंगेनला जायचे आणि सायकलच्या पंपात लपवून आणायचे. पुढे वय झालं, मग तो पार्किंगवाला. 2007 मध्ये लाइपझिगकडे लोकांची पोटं दुखायला लागली, अशक्तपणा आला, तपासलं तर रक्तात शिसं. वजन भरावं म्हणून गांजात कुणीतरी शिसं मिसळलं होतं. ती बातमी वाचल्यावर ओपांनी दोन वर्षं हात लावला नाही. "दुधात पाणी घालतात, ते निदान पाणी असतं," असं मी म्हणाले. त्यांना ते फार आवडलं, पुढच्या सभेत सांगतो म्हणाले.

पण सगळ्यांचीच सोय झाली असं म्हणवत नाही. रजिस्टर म्हटलं की नाव आलं आणि लहान गावात नाव म्हणजे सगळंच. आमच्या इथल्या एक शिक्षिका अजून त्या पार्किंगवाल्याकडेच जातात, असं ओपा म्हणाले (पोस्टमनला सगळं कळतं). दारात उभं असताना एखाद्या विद्यार्थ्याच्या आईनं बघितलं तर? देशात सहा महिने राहिल्याशिवाय सभासद होता येत नाही, म्हणजे नवीन आलेली, एकटी पडलेली पोरं बाहेरच. आणि 2025 मध्ये आलेल्या नव्या सरकारनं कायद्याचा फेरआढावा घ्यायचं ठरवलं; क्लबातल्या लोकांना धास्ती आहे की काचघराचं कर्ज फिटायच्या आत दार बंद होईल.

ओपा बाहेर आले, गाडीत बसले, धापा शांत झाल्या आणि त्यांनी कोटाच्या खिशातून एक पुडी काढून माझ्यासमोर धरली. "हातात देता येत नाही," म्हणाले, "बघा फक्त." तपकिरी कागदी पाकीट, त्यावर पांढरं लेबल: वाणाचं नाव, वजन 10 ग्रॅम, कापणीची तारीख, या तारखेपर्यंत चांगलं, नशेच्या द्रव्याचं प्रमाण 14 टक्के. मेथीच्या बियाण्याचं पाकीट असतं ना, अगदी तसं. सोबत दुमडलेला एक कागद, धोक्यांची माहिती, व्यसनमुक्तीचे पत्ते. 18 ते 21 वयाच्या सभासदांना महिन्याला 30 ग्रॅमच, आणि 10 टक्क्यांच्या वर द्रव्य असलेलं मिळत नाही, हे त्यांनी मला वाचून दाखवलं. मला धाकट्या चुलतभावाची आठवण झाली. पुण्यात वसतिगृहात होता, एकोणीस वर्षांचा, रात्रभर भिंतीशी बोलायला लागला तेव्हा काका त्याला घेऊन आले. त्याला काय मिळत होतं, किती जहाल, कुणालाच ठाऊक नाही. त्यावर लेबल नव्हतं. आता तो गोळ्यांवर आहे, दुकान सांभाळतो, फार बोलत नाही. म्हणून ओपांच्या "आवडतं" या शब्दावर मला मोकळेपणानं हसता येत नाही.

हीटर लागला, गाडी गरम झाली आणि बंद पाकिटातूनही वास आला.

तो वास मी तीस वर्षांनी घेत होते. मळ्यातल्या महादेवाच्या देवळामागे, चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला कावडी निघायच्या आधी, एक गोसावी येऊन उतरायचा. धुनी पेटायची. आमचे आप्पा, म्हणजे आजोबा, तिन्हीसांजेला तिकडे जायचे. मी एकदाच चोरून बघितलं: मातीची चिलीम, तिच्या बुडाशी गुंडाळलेलं ओलं फडकं, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरलेली, आणि आप्पांचे मिटलेले डोळे. घरी कुणी विचारलं तर ठरलेलं उत्तर, "आप्पा मळ्यात गेलेत." परत आले की आप्पा मऊ झालेले असायचे. गुळाचा खडा मागायचे, मग दुसरा, मग आम्हा पोरांना वाटून तिसरा, आणि गोष्टी सांगायचे. एरवी तापट माणूस. आम्हाला ते तेव्हाच आवडायचे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते फडकं परसात वेगळ्या दोरीवर वाळत असायचं, मधोमध तपकिरी, करपल्यासारखा डाग. हात लावायचा नाही, एवढंच आम्हाला माहीत. तुळशीवृंदावन त्याच परसात, चार पावलांवर. आपल्या भाषेनं भांगेत तुळस उगवलेली बघितली, तुळशीशेजारी वाळणाऱ्या फडक्याला मात्र शब्द ठेवला नाही.

आपला कायदा 1985 चा. पान चालतं, शेंडा चालत नाही. भांग घोटून प्यायली तर शिवरात्र, त्याच झाडाचा शेंडा चिलमीत भरला तर कैद. त्यानंतरही काही वर्षं गोसावी येत राहिला, मग बंद झाला. पुढे शेजारच्या गावात उसात झाडं सापडली, पोलीस आले, दोघे भाऊ आत गेले, ऊस उभा वाळला. अजूनही मराठी पेपरात ती बातमी येते, कधी उसात गांजा, कधी तुरीत, कधी हळदीत. त्या धास्तीनं आप्पांनी सोडलं. घरात बरं वाटलं सगळ्यांना. पुढे ते देशी प्यायला लागले, ती तालुक्याला परवान्याच्या दुकानात उघड मिळत होती, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तीन-साडेतीन वर्षांत गेले. पोटात पाणी झालं होतं. याचा त्याच्याशी संबंध जोडावा की नाही, मला ठरवता येत नाही, आणि आई तर आप्पांबद्दल एवढंच म्हणते, "शेवटी शेवटी फार त्रास काढला."

ओपांना घरी सोडलं. त्यांनी पेट्रोलचे पैसे देऊ केले, मी घेतले नाहीत, मग सोमवारी दारात बटाट्यांची पिशवी आली.

दुसऱ्या रविवारी आईनं फोनवर आठवणीनं विचारलं, "म्हाताऱ्याला औषध लागू पडलं का?" मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि सांगून टाकलं. औषध नव्हतं, आई. गांजा होता. इथे मंडळ असतं त्याचं, डेअरीसारखं, सभासद नंबर असतो, वजन करून देतात. म्हातारा म्हणतो, आवडतं. मी त्याला गाडीतनं नेते-आणते. एवढं बोलून थांबले, आणि आईचा चेहरा स्क्रीनवर इतका स्थिर झाला की मला वाटलं नेटवर्क गेलं.

"वजन करून?" आई म्हणाली.

"हो. लेबल लावून."

पुन्हा शांत. मागे कुठेतरी मिक्सर लागला आणि थांबला.

"मामंजींचं फडकं कोण धूत होतं, असं तुला वाटतंय?" आई म्हणाली. "सासूबाई हात लावायच्या न्हाईत. लग्न होऊन चौथ्या दिवशी माझ्या हातात दिलं. साबणानं वास जात न्हाई त्याचा. आधी गार पाण्यात, मग राखेनं चोळायचं, मग उन्हात. सांगायचं न्हाई कुणाला." ती थोडी हसली, मग पदरानं तोंड पुसलं. "त्यांना गूळ लागायचा मागनं. डबा काढून ठेवायची मी आधीच, चुलीमागं. त्या तुझ्या म्हाताऱ्याला विचार, गूळ मिळतो का तिकडं."

गूळ आमच्या घरी होता, दिवाळीत आणलेला, कोल्हापूरचा. अर्धी ढेप उरली होती. फडक्यात बांधून मी कुंपणाशी गेले.